ओंडक्यांचे घर आणि झाडाची साल

नॉर्वेपासून रशियापर्यंत पसरलेल्या थंड प्रदेशांत शेकडो वर्षे सामान्य माणसाचा संसार लाकडाच्या ओंडक्यांत झाला. स्प्रूस आणि पाइन ही आपल्या देवदाराच्याच कुळातील झाडे. त्यांचे सरळ सोट ओंडके एकावर एक आडवे रचावयाचे, कोपऱ्यांवर खाचा पाडून ते एकमेकांत गुंतवावयाचे आणि मधल्या फटींत शेवाळ ठासून वारा अडवावयाचा, अशी ही बांधणी. फिनलंडमधील पेटायावेसी गावचे जुने चर्च १७६३ ते १७६५ या काळात असेच उभे राहिले. रशियात ओनेगा सरोवरातील किझी बेटावरचे बावीस घुमटांचे चर्च तर १७१४ सालचे. १६३८ साली डेलावेअर नदीच्या काठी वसाहत करावयास गेलेल्या स्वीडिश व फिनिश लोकांनी ही विद्या अमेरिकेत नेली. आणि पुढे तिथल्या रानोमाळ उभ्या राहिलेल्या झोपड्यांपैकी एकीत, १८०९ साली, अब्राहम लिंकनचा जन्म झाला.

अशा घराचे चित्र डोळ्यांपुढे आणताना झाड तोडणारी कुऱ्हाड आठवते, ओंडके रचणारे हात आठवतात. या दोहोंच्या मधले एक काम मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे ओंडक्याची साल काढण्याचे. दिसावयास हे काम हलके. परंतु घर वीस वर्षे टिकणार की दोनशे, याचा निकाल पुष्कळसा येथेच लागतो.

जिवंत झाडाला साल हे कवच आहे. बाहेरची खरबरीत, मृत साल ऊन, थंडी आणि किडे यांना अडवते. तिच्या आत मऊ अंतर्साल असते. पानांत तयार झालेले अन्न तिच्यातूनच मुळांकडे उतरते. अंतर्साल आणि लाकूड यांच्यामध्ये पेशींचा एक अत्यंत पातळ थर असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला ऊतककर म्हणतात. आतल्या बाजूस नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूस नवी साल घडविणे हे या थराचे काम. झाडाची सारी वाढ या कागदाएवढ्या पडद्यावर अवलंबून असते.

झाड पडले की हेच कवच वैरी होऊन बसते. ओल्या ओंडक्यातील पाणी सालीमुळे बाहेर जाऊ शकत नाही. अंतर्सालीत साखर भरलेली असते. ओल, साखर आणि अंधार एकत्र आल्यावर बुरशीला आणखी काय हवे! त्यातच सालीखाली राहणारे भुंगेरे येतात. स्प्रूसवरच्या अशाच एका भुंगेऱ्याला लिनीयसने १७५८ साली ‘टायपोग्राफस’ म्हणजे मुद्रक असे नाव दिले. नर सालीला भोक पाडून आत एक दालन कोरतो. माद्या तेथून वर-खाली बोगदे काढून दोन्ही कडांना अंडी घालतात. आणि अंड्यांतून निघालेल्या अळ्या आडव्या दिशेने पोखरत जातात. साल उचलून पाहिली तर जणू कोणी छापलेले पानच उलगडते. हा कीटक आपल्या अंगावर बुरशीची बीजेही वाहून आणतो. त्यांच्यामुळे लाकडावर निळसर डाग पसरतात. भिंतीत बसवलेल्या ओंडक्यावर साल राहिली, तर आज ना उद्या ती सुटते, तिच्यामागे पावसाचे पाणी शिरते आणि घर बाहेरून धडधाकट दिसत असतानाच आतून कुजू लागते.

मग साल केव्हा काढावी? जुन्या सुताराची खरी परीक्षा या प्रश्नात होती. वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी झाडात रस चढतो, ऊतककराच्या पेशी भराभर विभागू लागतात आणि त्यांच्या भिंती नाजूक असतात. त्या दिवसांत सालीच्या कडेखाली पाते सरकवले की हातभर रुंदीची साल सबंधच्या सबंध उतरते. आतले लाकूड ओले, पांढरे आणि गुळगुळीत निघते. हिवाळ्यात तेच झाड आपली साल लाकडाला घट्ट धरून बसते आणि ती बोट-बोट तासून काढावी लागते. एवढे ऐकल्यावर कोणीही वसंतच निवडील. परंतु वसंतात तोडलेल्या लाकडावर बुरशी झपाट्याने चढते, आणि उन्हाच्या तडाख्यात उघडा ओंडका वेगाने सुकून खोल फाटतो. हिवाळ्यात बुरशी आणि कीटक दोन्ही निद्रिस्त असतात. शिवाय बर्फावरून घोड्याकडून ओंडके ओढून आणणे सोपे. म्हणून जाणता गृहस्थ झाड हिवाळ्यात तोडी आणि सालीचे कष्टाचे काम वसंत संपण्याच्या आत उरके. कारण हवेची उष्णता १८ ते २० अंशांवर गेली की भुंगेरे उडू लागतात. सोपी साल की टिकाऊ लाकूड, यांतून एकाची निवड करावी लागे, आणि घर नातवंडांसाठी बांधावयाचे असले तर उत्तर ठरलेले असे.

हत्यारे दोनच, आणि दोन्ही साधी. लांब दांड्याला चपटे, बोथट पाते लावलेले एक हत्यार सुटी साल उचकटावयास. आणि दोन्ही टोकांना मूठ असलेले, अंगाकडे ओढावयाचे एक पाते घट्ट साल तासावयास. ओंडका कमरेच्या उंचीवर घोडीवर ठेवावयाचा, तो घरंगळू नये म्हणून पाचर मारावयाची, आणि बुंध्याकडून शेंड्याकडे जावयाचे. गाठींपाशी हात हलका ठेवावा लागतो. पाते लाकडात रुतले तर बाहेरचे अखंड तंतू तुटतात आणि त्या जखमेत पाणी साचते. साल सगळी जावी आणि लाकूड मात्र दुखावू नये, एवढीच यातली कला. पण ती हाताला यावयास कित्येक ओंडके जावे लागतात.

सोललेला ओंडका लगेच भिंतीत जात नाही. तो जमिनीपासून उंच, सावलीत, वारा खेळेल असा रचून ठेवतात. लाकडातील ओल वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरली की ते आक्रसू लागते. आणि वर्तुळांच्या परिघाच्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट आक्रसते. चिरा पडतात त्या यामुळेच. भिंत उभी राहिल्यावरही पुढील काही वर्षे ती खाली बसत राहते. म्हणून खिडक्या-दारांच्या माथ्यावर मोकळी जागा सोडण्याची चाल आहे. ही जागा न सोडणाऱ्याची दारे दुसऱ्या हिवाळ्यात अडकून बसतात.

काढलेली सालही वाया जात नसे. स्प्रूसच्या सालीने कातडी कमावली जात. नॉर्वेत छपरावर भूर्जाच्या सालीचे थर अंथरून त्यांवर हिरवळीची माती घालीत. माती वजन देई आणि साल पाणी अडवी. याच भूर्जाच्या हिमालयातील भावंडाची साल म्हणजे आपले भूर्जपत्र, ज्यावर भारतात शतकानुशतके ग्रंथ लिहिले गेले. एका देशाने जिच्याखाली डोके ठेवले, तिच्यावरच दुसऱ्याने विद्या ठेवली.

आणि सालीची एक कठोर आठवणही आहे. धान्य पिकले नाही, की फिनलंडचा शेतकरी पाइनची अंतर्साल सोलून, वाळवून, दळून राईच्या पिठात मिसळी आणि त्याची भाकरी पोटाला आधार म्हणून खाई. १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात त्या देशातील सुमारे आठ टक्के लोक दगावले. भोवताली झाडे असूनही ती त्यांना वाचवू शकली नाहीत. ज्या हातांना घरासाठी साल काढणे ठाऊक होते, त्याच हातांना ती मुलांच्या ताटासाठीही काढावी लागली.

आज कारखान्यांत यंत्रे ओंडके क्षणात सोलतात आणि साल भट्टीत जाळून उष्णता मिळवतात. तरी जुने काम संपलेले नाही. २०१८ च्या उन्हाळी अवर्षणानंतर झेकिया आणि जर्मनीतील दुर्बळ झालेल्या स्प्रूसवर त्याच मुद्रक भुंगेऱ्याने धाड घातली आणि अफाट वने वाळली. अळी सालीखाली असतानाच पाडलेल्या झाडाची साल काढली, तर अळी सुकून मरते आणि शेजारचे झाड वाचते. म्हणून जेथे ओंडके लगोलग हलविता येत नाहीत, तेथे वनरक्षक आजही ते जागच्या जागी सोलतात. घर टिकविण्यासाठी आजोबांनी हाती धरलेले पाते नातवाला अरण्य टिकविण्यासाठी उचलावे लागले आहे.