दगड अडवावा, वारा अडवू नये
(गाडीच्या एसीचा कंडेन्सर : नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



मागे एकदा ट्रॅक्टरच्या रेडिएटरविषयी बोललो होतो. त्यानंतर आलेल्या पत्रांत निराळीच तक्रार बरीच दिसली. गाडीचा एसी उन्हाळ्याच्या तोंडावर गार करेनासा होतो, गॅस भरला की महिनाभर चालतो आणि पुन्हा तेच. शेतीखात्याच्या माणसानं एसीवर कशाला बोलावं, असं काहींना वाटेल. पण आज वाडीवस्तीवर जुनी का होईना चारचाकी आलेली आहे, पिकअप आहे, काहींच्या ट्रॅक्टरला एसीची केबिन आहे. नव्यानं तयार होणाऱ्या मध्यम व जड मालट्रकच्या केबिनला तर एसी सक्तीचाच झालेला आहे. आणि या तक्रारीचं मूळ पुष्कळदा आपल्याच रस्त्यावर आणि आपल्याच खळ्यावर असतं. म्हणून हा विषय घेतला.

गाडीच्या पुढच्या बंपरच्या खालच्या फटीतून वाकून आत पाहा. रेडिएटरसारखी दिसणारी, चंदेरी किंवा काळी, बारीक चुण्यांची एक चौकट दिसेल. तो रेडिएटर नव्हे. तो कंडेन्सर. रेडिएटर त्याच्या पाठीमागे असतो. घरातल्या जुन्या फ्रिजच्या पाठीमागची काळी जाळी हाताला गरम लागते ना, तेच काम इथं कंडेन्सर करतो. गाडीच्या आतली उष्णता गॅसबरोबर इथवर येते आणि समोरून येणारा वारा ती घेऊन जातो. वारा मिळाला नाही तर उष्णता जायची कुठं?

हा कंडेन्सर ॲल्युमिनियमचा असतो. त्यातल्या चपट्या नळ्यांची भिंत बहुधा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि नळ्यांमधल्या चुण्या, ज्यांना मेस्त्री फिन म्हणतात, त्या तर नखानं वाकतात. आता आतला दाब पाहा. गाडीच्या टायरमध्ये आपण ३० ते ३५ पौंड हवा भरतो. मे महिन्याच्या उन्हात एसी चालू असताना कंडेन्सरमध्ये २०० पौंडांच्या वर दाब असतो. एवढ्या दाबाखाली सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी सगळा गॅस निघून जातो. म्हणूनच त्या भोकावर लांबी किंवा सोल्युशन फासून काही उपयोग होत नाही, ते टिकत नाही.

माझाच अनुभव सांगतो. जुनी गाडी घेतली होती. रस्त्याचं काम चालू होतं तिथं खडीच्या डंपरमागे मी बराच वेळ चिकटून चाललो. दोन-चार खडे टणाटण वाजले. काच फुटली नाही म्हणून निर्धास्त राहिलो. आठ दिवसांत एसी गार करेना. तालुक्याला गॅस भरला. वीसेक दिवस बरं चाललं. पुन्हा भरला. पुन्हा तेच. तिसऱ्या ठिकाणच्या मेस्त्रीनं मात्र गॅसची टाकी बाजूला ठेवली, गुडघे टेकून बॅटरीच्या उजेडात बंपरच्या फटीतून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, इथं तेलाचा डाग आहे." खरोखरच, रुपयाएवढ्या जागेत धूळ तेलकट होऊन चिकटली होती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गॅस जातो तो डोळ्यांना दिसत नाही, पण तेल मागे खूण ठेवून जातं. ती खूण पहिल्याच दिवशी पाहिली असती तर दोन वेळचे पैसे वाचले असते.

तेव्हा बंधूंनो, एसी गार करीनासा झाला की आधी तेलकट डाग पाहावा. गॅरेजवाल्याला सांगावं, आधी गळती शोधा, मग आतली हवा पंपानं पूर्ण खेचून घ्या, आणि मगच गॅस वजन करून भरा. बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली चिकटवलेल्या पट्टीवर गॅस किती ग्रॅम लागतो ते छापलेलं असतं. लहान गाडीला तो साधारण अर्ध्या किलोच्या आसपास लागतो. 'अंदाजानं टाकतो' म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये. नळीचा सांधा घरी पान्यानं मात्र कधीच सैल करू नका. बाहेर उडणारा गॅस अतिशय थंड असतो, बोट किंवा डोळा गोठवून टाकतो.

आता खडे येतात कसे ते पाहू. पुढच्या वाहनाच्या चाकानं उडवलेला खडा आणि आपली गाडी एकमेकांवर आदळतात. आपला वेग ४० वरून ८० केला तर त्या खड्याचा मार दुप्पट नव्हे, चौपट बसतो. समोरून येणाऱ्या वाहनानं उडवला असेल तर दोघांचा वेग एकत्र होतो. मालट्रकच्या मागच्या जोडचाकांच्या फटीत अडकलेला दगड सुटला तर तो फार जोरात येतो. म्हणून खडीच्या, मुरमाच्या वाहनामागे चिकटून चालू नये. नव्यानं बारीक खडी पसरलेल्या रस्त्यावर ३० च्या वर जाऊ नये. पुढच्या वाहनानं एखादा खांब ओलांडला की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणावं आणि त्यानंतर आपण त्या खांबाशी पोचावं, एवढं अंतर बरं. यात खर्च काहीच नाही, त्यामुळे कुणी करत नाही.

दुसरा उपाय जाळीचा. इथंच आपले लोक हमखास चुकतात.

संगमनेरकडचे एक शेतकरी टोमॅटोचे क्रेट भरून पिकअप नारायणगावच्या बाजाराला नेत होते. चिखल आणि खडे लागू नयेत म्हणून त्यांनी पुढच्या जाळीला आतून गोणपाट बांधलेलं होतं. चंदनापुरीच्या चढाला गाडीनं काटा लालवर नेला. एसी बंद केला, काचा खाली केल्या, तरी उतार नाही. कडेला थांबून दोन तास गेले आणि बाजाराची वेळ हुकली. बरं, बिघाड काय होता? काहीच नाही. कंडेन्सरच्या मागे रेडिएटर असतो हे विसरलं की असं होतं. पुढचा वारा अडला की दोघांचाही अडतो. एसी नसेल तर माणूस घाम पुसेल, पण इंजिन तापलं तर हेडचं काम निघतं.

गोणपाट जाऊ द्या, शेडनेट लावणारेही मी पाहिले आहेत. ५० टक्के सावलीची शेडनेट म्हणजे निम्मी जागा धाग्यानं भरलेली. पॉलिहाउसची किड्यांची जाळी तर त्याहून वाईट. पहिल्या पावसात चिखलानं ती लिंपली जाते आणि समोर भिंत उभी राहते. मच्छरदाणीच्या जाळीचंही तेच.

मग लावायचं काय? हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश मिळते, तीच पुरते. तारेपासून तारेपर्यंत ६ मिलिमीटर आणि तार पाऊण मिलिमीटर जाडीची असेल तर हिशोबानं चारातला तीन भाग वाट मोकळी राहते. सहा मिलिमीटरपेक्षा लहान कण आत जातील, ते जाऊ द्यावेत. नुकसान करतो तो मोठा खडा, आणि तो अडतो. याहून बारीक जाळी घेण्याचा मोह टाळावा.

जाळी बंपरच्या खालच्या फटीला, प्लॅस्टिकच्या चौकटीला आतून बांधावी. बांधायला केबल टाय वापरावेत, बांधकामाची तार नको. ती गंजते आणि तिचं टोक आत वळलं तर आपणच भोक पाडल्यासारखं होतं. जाळी कंडेन्सरला टेकता कामा नये. मध्ये निदान दोन बोटं अंतर ठेवावं, नाहीतर गाडीच्या कंपानं तार घासून घासून नळी खाते. कापलेल्या कडा पक्कडीनं दुमडाव्यात. कंडेन्सरच्या आसपास ड्रिल मशीन चालवू नये हे सांगायला नको, पण एका ठिकाणी तसं झालेलं पाहिलं म्हणून सांगतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विक्रेत्याला विचारून घ्यावं. आणि जाळी बसवल्यावर पहिल्या लांबच्या प्रवासात, विशेषतः घाटात, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी. काटा नेहमीपेक्षा वर सरकला तर जाळी काढावी. एवढा साधा नियम.

आता दुसरा शत्रू, तो म्हणजे भुसकट. दगडापेक्षाही आपल्या भागात मला त्याची भीती जास्त वाटते. सोयाबीन, तूर, बाजरी डांबरी रस्त्यावर पसरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडून फुकट मळणी करून घ्यायची, ही आपली खोड सर्वांना माहीत आहे. त्या पसाऱ्यावरून गाडी गेली की भुसा उडून सरळ पुढच्या जाळीत शिरतो. तो कंडेन्सरच्या फिनमध्ये तर बसतोच, पण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या सांदीत जाऊन दडतो. वरून सगळं स्वच्छ दिसतं आणि आत गादी तयार झालेली असते. शिवाय काड, कडबा गाडीच्या पोटाखाली गुंडाळला जातो आणि तापलेल्या सायलेन्सरला लागून पेट घेतो. त्यात मोटारसायकलवाला घसरतो तो वेगळाच. रस्त्यावर मळणी करू नये, एवढंच मी म्हणेन. दुसऱ्यानं केली असेल तर तो पट्टा हळू ओलांडावा, पुढे थांबून खाली वाकून पाहावं आणि अडकलेलं काड काढून टाकावं.

एसी उभ्या गाडीत गार करत नाही, पण गाडी धावू लागली की करतो, असं असेल तर बहुधा कंडेन्सर चोंदलेला असतो किंवा त्याचा पंखा फिरत नसतो. असा संशय आला की सफाई करावी. गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि चावी खिशात टाकावी. कारण कित्येक गाड्यांचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतो आणि बोटं तिथंच असतात. मग रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन, फिन ज्या दिशेला उभ्या आहेत त्याच दिशेनं हलक्या हातानं झाडावं. आडवं घासू नये. नंतर नळाच्या साध्या धारेनं, हात पोचत असेल तर इंजिनच्या बाजूनं पुढे पाणी सोडावं, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं बाहेर पडतो. ते जमत नसेल तर समोरून सरळ धार धरावी, तिरपी नको. वरून बॅटरी मारून मधली सांद पाहावी.

आणि कृपा करून फवारणीचा एचटीपी पंप यासाठी लावू नका! त्या गनची धार फिनवर पडली की त्या चुरगळून सपाट होतात, मग वाऱ्याला वाट राहत नाही. वॉशिंग सेंटरवरही पोराला तसं बजावून सांगावं. चार-दोन फिन वाकल्या असतील तर त्यानं काही बिघडत नाही. त्या सरळ करायला स्क्रू-ड्रायव्हर घालाल तर नळीच फोडून बसाल. त्यासाठी खास फणी मिळते, नाहीतर तशाच राहू द्याव्यात.

केबिनच्या ट्रॅक्टरवाल्यांनी तर मळणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी पाहावं. काही ट्रॅक्टरांत एसीचा कंडेन्सर रेडिएटरपुढून बाजूला ओढता येतो, तो ओढून मागची बाजू साफ करावी. काहींत तो टपावर असतो. आपल्या ट्रॅक्टरमध्ये तो कुठं आहे, हे पुस्तिकेत पाहून घ्यावं.

शेवटी थोडं आपल्या स्वतःच्या वाहनांविषयी. इतका वेळ आपण दुसऱ्याच्या दगडांविषयी बोललो. पण मुरमाची ट्रॉली फळीच्या वर शीग लावून, वर ताडपत्री न टाकता हमरस्त्यानं जाते ती कुणाची? पावसाळ्यात शेतातून निघालेला ट्रॅक्टर टायरमधली ढेकळं फर्लांगभर डांबरावर सांडत जातो, त्या ढेकळांत खडे असतात आणि मागच्या गाडीच्या चाकाखालून ते उडतात. माल फळीच्या खाली भरावा, ताडपत्री दोरीनं चारी बाजूंनी आवळावी, मागची फळी नीट बसते की नाही पाहावं. ट्रॉलीला चिखलपट्ट्या नसतील तर जुन्या टायरच्या रबराच्या कापून लावता येतात. बांधावरून रस्त्यावर चढण्यापूर्वी दोन मिनिटं थांबून, खोऱ्याच्या पाठीनं टायरच्या खाचांतली मोठी ढेकळं पाडावीत. इंजिन बंद करून आणि हँडब्रेक ओढून मग खाली उतरावं.