जात्याची घरघर

श्रोते हो, तुमच्या घरी माळ्यावर, एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या कॅसेटी पडल्या असतील. एखादीवर आजीच्या ओव्या असतील, एखादीवर गावच्या भजनी मंडळाची काकड आरती. आज त्यांच्याविषयीच चार शब्द बोलायचे आहेत.

मी पेशाने मास्तर. जुनी ध्वनिमुद्रणे संगणकात उतरवून घेणे हा माझा छंद. एकदा माझ्या आत्याच्या ओव्यांची कॅसेट हाती लागली. आत्या तेव्हा हयात नव्हती. मी कॅसेट उतरवली आणि आवाज ‘स्वच्छ’ करायला बसलो. मागची घरघर काढली, बांगड्यांची किणकिण काढली आणि मोठ्या हौसेने आईला ऐकवले. आई म्हणाली, “आवाज वन्संचाच आहे रे, पण जातं कुठं गेलं?”

मी चपापलो. ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते. खुंटा फिरतो तशी ओळ वळते. कचरा म्हणून मी जे काढले, तोच तिचा ताल होता! नशीब, पहिली प्रत तशीच ठेवली होती. ती लावली. आई काही बोलली नाही; तिचा हात मात्र मांडीवर गोल फिरू लागला.

तेव्हा पहिला नियम हा, की मूळ प्रतीला हात लावू नये. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

आता कृती सांगतो. कॅसेटच्या पाठीवरचे दोन छोटे दात आधी मोडा, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती वाजवू नका, जाणकाराला दाखवा. फीत ठीक असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. मग टेपमधून वायर संगणकाला जोडा. आवाजाची पातळी लाल रेषेच्या खालीच ठेवा. तिथे फाटलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही. प्रत ‘वेव्ह’ प्रकारात, सेकंदाला ४८,००० नमुने आणि २४ बिट अशी घ्या. दोन्ही कानांचे तासभर मुद्रण सुमारे १ गिगाबाइट जागा घेते. एक प्रत घरी, दुसरी दुसऱ्या गावी ठेवा. आणि हो, गाणारी कोण, गाव कोणते, साल कोणते, हे लिहायला विसरू नका.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तरी तुमच्या आजीची ओवी त्यांत असेलच असे नाही. ती कदाचित फक्त तुमच्या ट्रंकेत असेल.

कॅसेट १९६३ साली जगापुढे आली. आता फिती विरत आहेत, त्या वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, येत्या सुट्टीत मुलांना माळ्यावर चढवा. आणि घरात कोणी अजून गाणारे असेल, तर त्यांच्यापुढे आजच मोबाईल ठेवा. पंखा बंद करा, पण जाते मात्र चालू राहू द्या, बरं का!