शब्द जिव्हारी का लागतो?



मेंदूविषयी बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. माझी शाळा सातवीत संपली. पुढचे शिक्षण नगरवाचनालयात झाले. परंतु तीस वर्षे गेटसभांतून बोलत आलो आणि शब्दाने माणूस कसा पेटतो, कसा खचतो, हे जवळून पाहिले. त्याचे कारण शोधताना जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक कारागीर होता. जोड्यांसाठी लागणारे लाकडी साचे करणे हा त्याचा धंदा. तिशीच्या सुमारास त्याची वाचा गेली. काहीही विचारा, 'तां, तां' एवढेच उत्तर. १८६१ साली तो वारला, तेव्हा ब्रोका या शस्त्रवैद्याने त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूचा पुढचा भाग नासलेला आढळला. वाचेचे ठिकाण सापडले म्हणून ही हकीकत गाजली. पण मला तिच्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. हा माणूस फार संतापला की त्याच्या तोंडून एक शिवी मात्र स्वच्छ बाहेर पडे! भाकरी मागायला शब्द नाही, संतापाला आहे! लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी अशाच रोग्यांवरून अनुमान काढले की, विचारपूर्वक रचलेले वाक्य आणि भावनेच्या भरात सुटलेला शब्द यांच्या वाटा निराळ्या आहेत.

हे बोलण्याचे झाले. ऐकणाऱ्या-वाचणाऱ्याचे काय? मेंदूत, कानशिलाच्या आत खोलवर, बदामाच्या आकाराचा एक पुंजका आहे. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची वर्दी देण्यात त्याचा मोठा हात असतो. अँडरसन आणि फेल्प्स यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर शब्द झरझर दाखवले की साधे शब्द नजरेतून निसटतात, भावनेने भारलेले मात्र पकडले जातात. डाव्या अमिग्डालाला इजा झालेल्या रोग्यांत हा फरक दिसला नाही. मेंदूच्या विद्युत्लहरी पाहिल्या, तर अशा शब्दांचा वेगळेपणा पाव सेकंदाच्या आसपासच उमटतो. म्हणजे फलकावर 'टाळेबंदी' वाचणारा कामगार तारीख आणि कारण पाहण्याआधीच हादरलेला असतो.

त्यातही मातृभाषेचा घाव खोल. बॉस्टन येथील, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तुर्की मातृभाषेच्या, मागाहून इंग्रजी शिकलेल्या लोकांना शब्द ऐकवले आणि बोटांना सुटणारा सूक्ष्म घाम यंत्राने मोजला. लहानपणी ऐकलेली दटावणी तुर्कीत जशी झोंबली, तशी इंग्रजीत झोंबली नाही. आमच्याकडे माणसे 'टर्मिनेशन'चे पत्र मुकाट्याने सही करून घेतात. घरी कोणी 'म्हणजे कामावरून काढलं?' असे विचारले, की मग मटकन खाली बसतात. म्हणून माझा आग्रह असतो की, असे पत्र सहीपूर्वी मराठीत वाचून दाखवावे.

आता आमच्याच बाजूचे सांगतो. संपाच्या काळात कामावर गेलेल्या एका गड्याला कोणीतरी 'फितूर' म्हटले. त्याच्या घरी आजारी मूल होते. पुढे संप मिटला, करार झाला, पगार वाढला. पण डबा खाताना त्याच्या शेजारी कोणी बसेना. करार तीन वर्षांचा होता, त्या शब्दाला मुदतच नव्हती! मालकाची नोटीस फाडता येते. आपल्या माणसाने मारलेला शब्द कोठे फाडायचा?

यावर उपाय आहे काय? थोडासा आहे. कॅलिफोर्नियातील लीबरमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली दाखवले की, संतप्त किंवा भेदरलेला चेहरा पाहताना त्या भावनेला नाव दिले, तर अमिग्डालाची खळबळ कमी होते आणि कपाळामागचा, आवर घालणारा भाग अधिक काम करू लागतो. शब्द पेटवतो, तसा शब्दच निववतो. म्हणून गेटसभेत मत घेण्याआधी 'मला भीती वाटते' असे म्हणण्याची मुभा प्रत्येकाला असावी आणि भाषण व मतदान यांच्यामध्ये एक रात्र जाऊ द्यावी. भीती बोलून दाखवणारा भित्रा नव्हे. उलट तो विचार करण्याच्या वाटेला लागलेला असतो.

ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक आहे, त्याच्या हाती हजार माणसांचा तो पाव सेकंद आहे. तो कसा वापरायचा हा प्रश्न पुढाऱ्यांचा तर आहेच. पण घरात मुलाला 'नालायक' म्हणणाऱ्या बापाचाही आहे. एवढे ध्यानी घ्यावे.