घरचा संगणक आणि तीन लिप्या

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण या बाजूला ज्यांची घरे आहेत, त्यांना तीन लिप्यांची गाठ पडणे नवे नाही. शेताची पहाणी कन्नडमध्ये, घरचे पत्र मराठीत आणि आजोबांच्या पेटीतील निजामी अमदानीचा दस्त उर्दूत, असा आमचा संसार. अशा घरात संगणक कसा असावा, यासंबंधी आज थोडे बोलावयाचे आहे.

माझ्या वडिलांनी 1948 सालच्या पोलीस कारवाईच्या दिवसांतील बालपणीच्या आठवणी उतारवयात लिहून काढल्या. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही त्या एका दुकानात संगणकावर टंकलिखित करून घेतल्या आणि हस्तलिखिताची काळजी सोडून दिली. वडील निवर्तले. पुढे ती फाइल उघडली, तो पडद्यावर मराठीचे एक अक्षर नाही. रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची नुसती खिचडी! त्या काळच्या पुष्कळ फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसविलेले असे. संगणकाच्या लेखी ते अक्षर इंग्रजीच राही. तो फॉन्ट जुन्या यंत्राबरोबर गेला, आणि वडिलांचे शब्द घरात असूनही आम्हांस परके झाले.

आज युनिकोडमुळे ही आपत्ती बहुतेक टळली आहे, हे खरे. परंतु आपले लिखाण ज्या आज्ञावलीत ठेवावयाचे तिची किल्ली कोणाजवळ, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. 1983 साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली तो याच प्रश्नावरून. आणि 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला. या आज्ञावल्यांची घडण कोणीही पाहावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी, अशी त्यांची परवानगीच आहे.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार संपला. माझे यंत्र नव्या आवृत्तीस अपात्र ठरले होते. धडधाकट बैल म्हातारा ठरवून बाजारात न्यावा, तसे ते वाटले. मी त्यावर डेबियन बसविले. बसविताना त्याने विचारले, कोणत्या आज्ञावल्या आपण वापरता याची माहिती आम्हांस पाठवू काय? उत्तर आधीच 'नाही' असे निवडलेले होते. इतकी अदब मी यंत्रात पूर्वी पाहिली नव्हती. मात्र लिनक्स घेतले म्हणजे सारे झाकले, असे कोणी समजू नये. खिशातील फोन व आपण उघडतो ती संकेतस्थळे आपली माहिती टिपतच असतात.

पत्रलेखनास लिब्रे ऑफिस पुरते. 2004 साली रेड हॅटने खुले केलेले लोहित फॉन्ट मराठीस आहेत, तसेच कन्नडलाही. इन्स्क्रिप्ट कळफलकाची गंमत तर आमच्या भागासाठीच केल्यासारखी आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या, आणि मराठी 'क' ज्या कळीवर, कन्नड 'क'ही त्याच कळीवर. एक शिकला की दुसरा हातात आलाच. उर्दू मात्र निराळी. ती उजवीकडून चालते आणि तिचा कळफलक मुळापासून शिकावा लागतो. आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. माझा जुना स्कॅनर या व्यवस्थेला अद्याप जुमानीत नाही. त्यासाठी शेजाऱ्याकडे जावे लागते.

वडिलांच्या फाइलीचे काय झाले? जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये उतरविणाऱ्या छोट्या खुल्या आज्ञावल्या मिळतात. त्यांपैकी एकीचा तक्ता आमच्या फॉन्टाशी बराचसा जुळला. जेथे जुळेना, तेथे माझ्या मुलीने तो तक्ता उघडून आपल्या हाताने ओळी घातल्या; तो कुलूपबंद असता तर आम्ही तेथेच थांबलो असतो. एका गावाचे नाव तेवढे काही केल्या लागेना. शेवटी छापील पान घेऊन हुमनाबादला आत्याकडे गेलो. तिने मागचीपुढची वाक्ये दोनदा वाचून घेतली आणि नाव सांगितले. ते तिच्या आजोळचे गाव निघाले.