थंडीतली दुचाकी

तलासरीहून पहाटे महामार्गाने निघालेल्या दुचाकीस्वाराला थंडीपेक्षा वारा अधिक बाधतो. पारा १५ अंशांवर असला, तरी ताशी ६० किलोमीटर वेगात उघड्या त्वचेला तो १२ सारखा जाणवतो. बोटे बधिरली की ब्रेक उशिरा दाबला जातो, आणि पुढे ट्रक असतो.

विजेवर तापणारी जाकिटे मिळतात. लडाखला ती ठीक. गाडीच्या बॅटरीवर चालणारे असे जाकीट साधारण ८०-९० वॅट वीज खाते. १०० सीसीच्या गाडीला हा भार जडच. डहाणूच्या थंडीला वारा अडवणारे जाकीट आणि आत स्वेटर पुरे. जाकीट नसेल, तर छातीशी घडी घातलेले वर्तमानपत्रही कामी येते. पैसे मात्र आधी हातमोज्यांवर खर्च करा; ते घालून ब्रेक सहज दाबता येतो ना, हे दुकानातच पाहा.