झुंड, जमाव आणि बळी



माणसाला भररस्त्यात घेरायचे, त्याच्यावर आरोप ठेवायचा आणि तिथल्या तिथे त्याला मारून टाकायचे, या कृत्यासाठी मराठी वर्तमानपत्रांनी गेल्या काही वर्षांत ‘झुंडबळी’ हा शब्द रुळवला. शब्द सुटसुटीत आहे, मथळ्यात बसतो आणि भूकबळी, हुंडाबळी या ओळखीच्या शब्दांच्या रांगेत सहज जाऊन उभा राहतो. माझी तक्रार नेमकी त्या रांगेबद्दल आहे. भूकबळीत भूक हे कारण, हुंडाबळीत हुंडा हे कारण. त्याच चालीने झुंडबळीत झुंड हे कारण होऊन बसते, कर्ता होत नाही. पूर यावा तशी झुंड येते आणि ओसरली की मागे बळी उरतो. शिवाय ‘झुंड’ हा शब्द आपण हत्तींना, लांडग्यांना लावतो, आणि लांडग्यावर खटला चालत नाही. ‘बळी’ हे नाव मेलेल्याचे आहे. मारण्याच्या क्रियेला या शब्दात नावच नाही.

कोणी म्हणेल, हुंडाबळी या शब्दाने असे काय बिघडवले? काहीच नाही, उलट त्या शब्दाने घराच्या चार भिंतींतले मरण चव्हाट्यावर आणले. पण तिथे शब्दाची उणीव कायद्याने भरून काढली. १९८६ साली दंड संहितेत कलम ३०४-ब आले. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी तिचा छळ झालेला असला, तर त्या कलमाने थेट नवरा आणि सासरची माणसे यांच्याकडे बोट दाखवले. कर्ता शब्दात नव्हता, कलमात होता. झुंडीकडे बोट दाखवायचे तर आधी झुंड म्हणजे काय, ते ठरवावे लागते.

आकड्याने ते ठरत नाही. पाच किंवा अधिक माणसे बेकायदा उद्देशाने जमली की कायद्याच्या लेखी ‘बेकायदा जमाव’ होतो, आणि पोलीस ठाण्यात ‘गर्दी-मारामारी’चे गुन्हे रोज नोंदले जातात. टोळीही पाचांची असते. पण टोळी मारते आणि पळते. हा जमाव उजेडात मारतो, थांबतो, चित्रफीत काढतो. त्याला लपावेसे वाटत नाही, कारण आपण गुन्हा करत आहोत असे त्याला वाटतच नाही. पाचामुखी परमेश्वर ही आपली म्हण त्याने आपल्या बाजूने फिरवलेली असते. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी मुले पळवणारे समजून मारले गेले. बाजाराच्या दिवशी त्यांना धरले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. जिथे पंचांनी बसायचे तिथेच आरोप झाला, निवाडा झाला आणि शिक्षाही. माझ्या मते या कृत्याची खूण हीच: न्यायासनावर जमावाने बसणे. संख्या, राग, द्वेष या गोष्टी त्याच्या मागे येतात.

इंग्रजी ‘लिंचिंग’ या शब्दात ही खूण जन्मापासून आहे. बहुतेक अभ्यासक तो व्हर्जिनियातल्या चार्ल्स लिंच या न्यायाधिकाऱ्याच्या आडनावाशी जोडतात. काही जण त्याच भागातल्या विल्यम लिंचचे नाव घेतात. १७८० साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, चार्ल्स लिंचने इंग्रज राजाच्या पाठीराख्यांना अधिकार नसताना शिक्षा दिल्या, आणि १७८२ साली तिथल्या विधिमंडळाने त्याला त्या दोषातून मोकळेही केले. शिक्षा मुख्यतः फटक्यांच्या होत्या, मरणाच्या नव्हत्या. पुढे यादवी युद्धानंतर दक्षिणेत काळ्या माणसांना झाडाला लटकवण्यासाठी हाच शब्द वापरात राहिला. १८८२ ते १९६८ या काळात टस्कीगी संस्थेने असे ४,७४३ मृत्यू मोजले. त्यांतले ३,४४६ काळ्यांचे होते. म्हणजे फटक्यांचा फास झाला, गोऱ्यांच्या जागी मुख्यतः काळे आले. बदलले नाही ते एवढेच, की न्यायालयाबाहेर न्यायालय भरते.

म्हणूनच ‘हा शब्द परका, तेव्हा हे कृत्यही परके’ हा आक्षेप टिकत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये नागपूरच्या विजयादशमी मेळाव्यात सरसंघचालक मोहन भागवत यांनी लिंचिंग हा शब्द भारतीय परंपरेतला नाही, असे सांगितले होते. शब्दाच्या मुळापुरते ते खरेच आहे. पण वकील, फिर्याद, तारीख हे शब्दही अरबी-फारसीतून आलेले. म्हणून आपल्याकडे कज्जे नव्हते, असे कोणी म्हणत नाही. उलट शब्द नसण्याची किंमत आपण मोजली आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावातल्या जमावाने मारले, तेव्हा आपण ‘खैरलांजी हत्याकांड’ म्हटले. कांड म्हटले की ते एका गावाचे आणि एका दिवसाचे होते. त्या गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करायला सामान्यनाम लागते, तेच आपल्याजवळ नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा शब्द निवडून वापरला जातो, गोरक्षणाच्या नावावरच्या हत्यांना लावतात आणि इतरांच्या वेळी विसरतात. तसे होत असेल तर तो वापरणाऱ्याचा दोष, आणि त्यावर उपाय व्याख्येचाच. १९४० साली टस्कीगीत अमेरिकी चळवळीतल्या मंडळींनी व्याख्या केली ती अशी: माणूस मेल्याचा कायदेशीर पुरावा, बेकायदा मृत्यू, तीन किंवा अधिक माणसांचा गट, आणि न्याय, वंश वा परंपरा यांची सेवा केल्याची बतावणी. ही पट्टी लावा. गोरक्षणाच्या नावावरची २०१५ ची दादरीतली हत्या तीत बसते, राईनपाडा बसतो, आणि १६ एप्रिल २०२० रोजी पालघरच्या गडचिंचल्यात पोलिसांसमोर मारलेले दोन साधू व त्यांचा चालकही बसतो.

तिसरा आक्षेप वकिलांचा: खून तो खून, वेगळे नाव कशाला? सर्वोच्च न्यायालयाला १७ जुलै २०१८ रोजी तसे वाटले नाही. स्वतंत्र गुन्हा ठरवण्याची शिफारस त्याने संसदेला केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) आले. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला, तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. कलम कडक आहे, पण त्याने कृत्य ओळखले ते हेतूच्या यादीवरून. त्यात अफवा कुठे बसवायची? ‘मुले पळवणारे’ हा ना वंश, ना श्रद्धा. सगळी भिस्त ‘तत्सम’ या एका शब्दावर राहते.

माझे मत ‘जमावहत्या’ या शब्दाला आहे. तो कानाला रुक्ष लागतो, झुंडबळीसारखा मथळ्यात चमकत नाही. पण ‘जमाव’ हा कायद्याच्या ओळखीचा शब्द आहे, आणि हत्या म्हटली की हत्यारा शोधावा लागतो. ‘संतप्त जमावाच्या मारहाणीत एकाचा मृत्यू’ या आपल्या नेहमीच्या मथळ्यात तो शोध सुरूच होत नाही: संताप जमावाला येतो, मारहाण आपोआप होते, आणि मरणाऱ्याचा फक्त मृत्यू होतो.