ठिणगीची वेळ
(रेडिओवरील भाषण)



मंत्रालयाच्या आवारात रांगेनं उभ्या असायच्या त्या पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडर आणि इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातली एमजीए ही स्पोर्ट्स कार यांचं नातं सांगितलं, तर पुष्कळांना खरं वाटत नाही. पण १९५५ सालच्या एमजीएचं इंजिन १४८९ सीसीचं होतं, बी-सिरीज घराण्यातलं. आणि त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं इंजिन पुढे अ‍ॅम्बेसेडरमध्ये बसलं. याच घराण्यातलं थोरलं, १७९८ सीसीचं इंजिन १९६२च्या एमजीबीत आलं. आज बोलायचंय ते या एमजीबीच्या टायमिंगबद्दल, म्हणजे ठिणगीच्या वेळेबद्दल. अ‍ॅम्बेसेडरवर हात काळे केलेल्यांना त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

जुनी गाडी ओढत नाही, गरम होते, अशी तक्रार आली की पहिला संशय कार्बोरेटरवर. बॉनेट उघडलं की एसयूचे दोन कार्बोरेटर समोरच दिसतात, स्क्रू हाताशी असतात, आणि हात शिवशिवतात. माझं मत विचाराल, तर टायमिंग बघितल्याशिवाय त्या स्क्रूंच्या वाटेला जाऊ नये.

ठिणगी पडली म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण एका दमात पेटतं असं नाही. ज्वाळा पसरायला एक-दोन मिलिसेकंद जातात. इंजिन ३००० आरपीएमवर असेल, तर एका मिलिसेकंदात क्रँक १८ अंश फिरलेला असतो! म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पाडायची, म्हणजे खरा दाब तो खाली वळल्यावर मिळतो. उशीर झाला तर ताकद सायलेन्सरवाटे जाते आणि इंजिन तापतं. फार लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब वाढतो, आणि चढावर डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज येतो. त्या आवाजाकडे दुर्लक्ष केलं तर एक दिवस पिस्टनच जातो.

वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पडावी, ही सोय डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात असते : स्प्रिंगांनी धरलेली दोन छोटी वजनं वेगाबरोबर बाहेर फाकतात. आपण लावायचा तो फक्त आरंभबिंदू. एमजीबीच्या सुरुवातीच्या हाय कॉम्प्रेशन इंजिनांसाठी इंजिन बंद असताना तो गाडीच्या पुस्तकात १० अंश आधी असा दिलेला आहे.

पण त्याआधी डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट, ज्यांच्या उघडण्यानं ठिणगी पडते. त्यांचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लावून घ्यायचा, मगच टायमिंग. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं.

आता खरं काम. चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढे ढकला. मागे नाही, नाहीतर चेनचा ढिलेपणा हिशेबात येतो. रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला. त्याच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवलं की कॉम्प्रेशनची हवा बोटाला लागते. आता पुलीवरची खाच टायमिंग कव्हरच्या काट्यांपैकी १०च्या काट्याशी जुळवायची. सुरुवातीच्या गाड्यांत हे काटे खालच्या बाजूला आहेत, तेव्हा कपड्यांची आशा सोडून जमिनीवर आडवं व्हावं लागतं. सगळ्यात लांब काटा म्हणजे शून्य, बाकीचे ५ आणि १०. खाचेत आधी पांढरा रंग भरून ठेवला तर डोळ्यांना त्रास कमी.

१२ व्होल्टचा एक दिवा डिस्ट्रिब्यूटरच्या बारीक वायरच्या टर्मिनलला आणि अर्थला जोडा, चावी ऑन करा. डिस्ट्रिब्यूटरचा क्लॅम्प सैल करून बॉडी आधी रोटर फिरतो त्या दिशेला थोडी वळवा, दिवा विझेल. मग उलट दिशेनं, अगदी केसाकेसानं. दिवा लागला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच क्लॅम्प आवळायचा.

टायमिंग लाइट असेल तर चालू इंजिनवरही तपासा. डिस्ट्रिब्यूटरला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा. ६०० आरपीएमला १४ अंश दिसायला हवेत. १०चे १४ कसे? तेवढ्या वेगाला वजनं हलायला लागलेली असतात म्हणून. स्लो स्पीड जास्त ठेवून बघितलंत तर आकडा फसवा येणार. आणि एक इशारा : त्या लुकलुकत्या उजेडात पंखा थांबल्यासारखा दिसतो. तो थांबलेला नसतो!

मात्र पुस्तकातला आकडा त्या काळच्या पेट्रोलचा आहे. तेव्हा ब्रिटनमध्ये १०० ऑक्टेनचं 'फाइव्ह स्टार' मिळे. आज तिथलं साधं पेट्रोल ९५ ऑक्टेनचं आणि त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. शिवाय पन्नास-साठ वर्षांत डिस्ट्रिब्यूटरच्या स्प्रिंगा सैल पडलेल्या, शाफ्टला खेळ आलेला. म्हणून शेवटचा निकाल रस्त्यावर. इंजिन गरम करून, टॉप गिअरमध्ये, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि कान द्या. खिळ्यांचा आवाज आला तर लुकासच्या '२५डी४' डिस्ट्रिब्यूटरवरची छोटी दातेरी चकती 'आर' अक्षराकडे फिरवा. तिचे ११ टक् म्हणजे सुमारे एक अंश. आवाज बंद होईपर्यंत थोडं थोडं मागे या, आणि तिथंच थांबा. त्याहून मागे नेलंत तर पिकअप गेलाच.

हल्ली बरेच जण पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक पिकअप बसवतात. गॅपची कटकट त्यानं संपते. पण वजनं, स्प्रिंगा आणि व्हॅक्यूमचा पडदा तोच जुना राहतो, तेव्हा नवा भाग बसवल्यावर टायमिंग पुन्हा लावावं लागतंच.